स्ट्रॅटोकास्टर : कलाकृती नव्हे, दुरुस्तीच्या बाकावरची गिटार

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारींविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. मराठी दैनिकात या विषयाला पानभर जागा मिळाली, याचे समाधान आहेच. तथापि फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही एका गिटारवादकाच्या प्रतिभेतून एकदाच साकारलेली आणि सत्तर वर्षे जशीच्या तशी राहिलेली कलाकृती आहे, असा जो सूर लेखात लागला आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही. गेली अनेक वर्षे अशा गिटारी उघडून दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

मुळात ही गिटार बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. तरुणपणी ते सॅक्सोफोन वाजवत असत. पुढे १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे त्यांनी रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले आणि आसपासचे वादक आपले अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्याकडे दुरुस्तीला आणू लागले. त्यातूनच आधी अ‍ॅम्प्लिफायर व मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी, आणि मग १९४६ मध्ये फेंडर कंपनी, असा त्यांचा प्रवास झाला. विजेची गिटार ही त्यांची कल्पना नव्हे. पुढे रिकनबॅकर या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीची, तव्यासारख्या आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली गेलेली अ‍ॅल्युमिनियमची गिटार १९३२ मध्येच बाजारात आली होती. सहाही खुंट्या एकाच बाजूला असलेली गिटार पॉल बिग्सबी यांनी मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी १९४८ मध्ये तयार केली होती. फेंडर यांचे कर्तृत्व वेगळे आहे आणि माझ्या मते त्याहून मोठे आहे : साध्या कारखान्यात, साध्या यंत्रांवर, एकसारखी आणि बिघडली तर उघडून नीट करता येईल अशी गिटार त्यांनी बनवली.

भरीव लाकडाची गरज का पडली, हे लेखात यायला हवे होते. आपल्या तंबोऱ्याला भोपळा असतो तो आवाज मोठा करण्यासाठी. पोकळ गिटारीचे काम तसेच चालते. परंतु अशा गिटारीला पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या रूपात उचलणारे चुंबकी यंत्र, लावून अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवला, की त्या आवाजानेच तिची पातळ फळी थरथरू लागते, ती थरथर पिकअप पुन्हा उचलतो आणि सभागृहभर नकोसा घुमारा सुरू होतो. भरीव लाकूड असे सहजासहजी थरथरत नाही. १९५० मध्ये फेंडर कंपनीने बाजारात आणलेली गिटार म्हणजे अ‍ॅश लाकडाची एक सपाट फळी आणि तिच्यावर चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली मेपलची दांडी (जिच्यावर वादकाची बोटे फिरतात तो लांब भाग), एवढाच प्रकार होता. दांडी सरसाने कायमची न जोडता स्क्रूने बसवणे हे त्या काळच्या गिटार कारागिरांना हिणकस वाटले असावे. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने झिजलेला भाग काढून नवा बसवता येणे, यासारखे शहाणपण नाही. या गिटारीचे आधीचे नाव ब्रॉडकास्टर होते. ग्रेच कंपनीच्या ड्रमना जवळजवळ तेच नाव असल्यामुळे १९५१ च्या आरंभी त्या कंपनीने हरकत घेतली. तेव्हा कारखान्यात शिल्लक असलेल्या चिकटपट्ट्यांवरचे मॉडेलचे नाव कापून फक्त ‘फेंडर’ एवढेच ठेवण्यात आले आणि काही महिने गिटारी तशाच, बिननावाच्या विकल्या गेल्या. त्यानंतर तिला टेलिकास्टर हे आजचे नाव मिळाले. वाया गेलेल्या चिकटपट्टीची ही काटकसर आज संग्राहकांना लाखो रुपये मोजायला लावते, हा भाग निराळा.

स्ट्रॅटोकास्टर आली ती १९५४ मध्ये, आणि ती प्रामुख्याने टेलिकास्टरबद्दलच्या तक्रारींतून आली. सपाट फळीची धारदार कड वादकांच्या बरगडीत आणि हाताला रुतत असे, म्हणून पाठीमागचा आणि कोपर टेकतो तेथला भाग तासून उतरता केला गेला. ही सूचना नेमकी कोणाची, याबाबत रेक्स गॅलियन आणि बिल कार्सन या दोन वादकांची नावे घेतली जातात, आणि कारखान्यातील मंडळींच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. कंपनीत १९५३ मध्ये रुजू झालेले फ्रेडी टावारेस हे हवाई बेटांवर जन्मलेले आणि स्वतः उत्तम स्टील गिटार वाजवणारे गृहस्थ. गिटारीची बाह्यरेषा कागदावर उतरवली ती त्यांनी. दोन शिंगांचा आकारही एकदम अवतरलेला नाही, कारण १९५१ च्या फेंडर बेस गिटारीत तो आधीच येऊन गेला होता. लेखात टावारेस यांचे नाव एकदाही आलेले नाही, ही मला त्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते.

स्वर हेलकावण्यासाठी जो दांडा या गिटारीला असतो, त्याची हकिकतही अशीच आहे. पहिल्या रचनेत तारांचा नाद लवकर विरत असे, म्हणून ती बाजूला ठेवून ब्रिजखाली, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या भागाखाली, पोलादाचा जड ठोकळा आणि त्याला मागून ओढून धरणाऱ्या पाच स्प्रिंगा, अशी नवी रचना करण्यात आली. कंपनीने तिला ‘ट्रेमोलो’ म्हटले. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराचा हेलकावा. येथे बदलते ती स्वराची उंची आणि त्याला व्हायब्रॅटो म्हणायला हवे. ही चूक सत्तर वर्षांत कोणी सुधारली नाही आणि आता सुधारेल असेही नाही.

तीन पिकअप आणि त्यांतला एक निवडणारा तीन खाचांचा स्विच, अशी मूळ योजना होती. वादकांनी काय केले, तर तो स्विच दोन खाचांच्या मध्ये अलगद अडकवून दोन पिकअप एकदम चालू केले. त्यातून जो किंचित नाकातला, पोकळ आणि गोड आवाज निघतो, तो आज या गिटारीची ओळख मानला जातो. पण तो कोणी योजलेला नव्हता. कंपनीने पाच खाचांचा स्विच बसवायला १९७७ साल उजाडले. दुसरा नमुना पिकअपच्या चुंबकांचा. प्रत्येक तारेखालच्या चुंबकाची उंची वेगळी ठेवलेली असते आणि तिसऱ्या तारेखालचा बराच वर आलेला असतो, कारण त्या काळी तिसऱ्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असे. पुढे साधी पोलादी तिसरी तार रूढ झाली आणि तीच इतरांपेक्षा मोठ्याने वाजू लागली. तरीही जुन्या धर्तीच्या प्रतिकृतींमध्ये ती उंची भक्तिभावाने जपली जाते. माझ्याकडे येणारे गिऱ्हाईक तिसऱ्या तारेच्या मोठ्या आवाजाची तक्रार करते आणि चुंबक खाली घेऊ का असे विचारताच दचकते.

‘जशीच्या तशी’ या दाव्याविषयी. १९५६ च्या सुमारास अ‍ॅशऐवजी बहुतेक गिटारींना आल्डरचे लाकूड आले. १९५९ मध्ये मेपलच्या दांडीवर रोझवूडची पट्टी आली, कारण फिकट मेपलवरचे लॅकर झिजून पट्टी मळकट दिसे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने सारा उद्योग १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दांडीचे टोक मोठे झाले. १९७१ मध्ये दांडीचे चार स्क्रू जाऊन तीन आले. या तीन स्क्रूंना गिटारप्रेमी सीबीएसच्या नफेखोरीचे प्रतीक मानतात. कारखान्यातील ढिले काम हे त्या टीकेचे खरे कारण आहे, कारण दांडीचा कोन मागून जुळवण्याची जी युक्ती त्या तीन स्क्रूंसोबत आली, तिचे पेटंट खुद्द लिओ फेंडर यांचे होते. १९८५ मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष बिल शुल्ट्झ यांच्या पुढाकाराखाली कंपनीतल्याच मंडळींनी ती सीबीएसकडून १ कोटी २५ लाख डॉलरना, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या किमतीपेक्षाही कमी पैशांत घेतली. पुढे जगभर गिटारीच्या धडाच्या आकाराच्या नकला इतक्या झाल्या, की त्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क मिळवण्याचा कंपनीचा अर्ज अमेरिकेतील संबंधित मंडळाने २००९ मध्ये फेटाळला. दांडीच्या टोकाचा आकार मात्र कंपनीच्या नावे नोंदलेला आहे.

रोझवूडविषयी एक गोष्ट आपल्या वाचकांच्या जवळची आहे. सुरुवातीला ब्राझीलचे रोझवूड वापरले जाई, पुढे भारतीय रोझवूड आले. आणि भारतीय रोझवूड म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारा, जुन्या वाड्यांतल्या कपाटांचा आणि पलंगांचा शिसव. या वर्गातील, आधीच अधिक कडक बंधनाखाली असलेले ब्राझीलचे रोझवूड वगळता, सर्व झाडे जानेवारी २०१७ पासून साइट्स या दुर्मीळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्यामुळे गिटार परदेशी पाठवतानाही परवान्याची कागदपत्रे लागू लागली आणि फेंडरने मेक्सिकोतील कारखान्यात त्याऐवजी पाऊ फेरो हे दक्षिण अमेरिकी लाकूड वापरायला घेतले. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली.

शेवटी छायाचित्राविषयी. लेखासोबतच्या गिटारीखाली १९५४ असे साल छापले आहे. तिच्या दांडीचे टोक मोठे आहे आणि तेथे दांडीच्या आतील सळई आवळण्याचा, बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा नट स्पष्ट दिसतो. हा नट १९७१ मध्ये तीन स्क्रूंच्या दांडीबरोबरच आला. पुढील अंकात तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, पुणे