मेसवाल्या काकूंना, महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर

काकू, हे खरं तर त्याच रात्री लिहायचं होतं, पण पाय असे भरून आले होते की फोन हातात घेऊन तशीच झोपले. आता मुखवटे डब्यात गेले, उसनी पातेली परत झाली, म्हणून बसलेय.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि यंदा महालक्ष्म्या आमच्या पुण्यातल्या टू बीएचकेत आल्या (तुम्ही गौरी म्हणता, आम्ही अमरावतीकडचे). पूजन 1 सप्टेंबर 2025, सोमवार, जेवायला तीस माणसं, आणि पोळ्यांसाठी ज्या बाईंना ऍडव्हान्स दिला होता त्यांचा शनिवारी रात्री मेसेज, जमणार नाही. मी जिन्यात बसून रडत होते, तुम्ही वर येताना बघितलंत, आणि काय झालं गं वगैरे काही नाही, डायरेक्ट "माणसं किती?" बावीस वर्षं मेस चालवलेल्या बाईचा प्रश्न!

सोळा भाज्यांची सोळा पातेली कशाला, सगळ्या एकत्र कर म्हणालात. मला वाटलं सासूबाई ओरडतील, घाबरत फोन केला तर म्हणतात आम्ही पण एकत्रच करायचो की. म्हणजे चार दिवस मी उगाच टेन्शन घेतलं. मग रविवारी रात्रीच सगळं चिरून पिशव्या भरून फ्रीजमध्ये. नैवेद्याचं पुरण तेवढं सकाळी सोवळ्यात, बाकीचं आदल्या दिवशी. आणि लोक "काय आणू?" विचारत होते त्यांना मी सवयीने "काही नको, तुम्ही फक्त या" टाइप करत होते, तर तुम्ही फोनच काढून घेतलात, एकीला दोन किलो दही, एकीला केळीची पानं, पुतण्याला बर्फ आणि पाण्याचे जार. कुणालाही राग आला नाही, उलट पुतण्या दोनदा येऊन गेला.

पण खरी मजा पुरणाची. दोन किलो डाळ, कट नीट निथळला नव्हता, गूळ घातल्यावर सगळं पिठल्यासारखं सैल. मी म्हटलं गेलं. तुम्ही काही न बोलता जाड बुडाच्या कढईत परत चढवलंत, गॅस बारीक, आणि मला हलवत उभं केलंत, मध्येच उलथनं उभं करून बघायचं, पडलं की "अजून", पडलं की "अजून". अर्धा तास. शेवटी उभं राहिलं तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या, तुम्ही म्हणालात हात धू आधी.

सोमवारी मला पहिल्याच पंगतीत सवाष्णींबरोबर बसवलंत. आंबील गरम असताना प्यायले हो, लग्नानंतर पहिल्यांदा.

एक गोष्ट टोचतेय मात्र. पोळ्या लाटता लाटता तुम्ही सहज म्हणालात, तुमची गौर मालवणला दिरांकडे, तिला तिखटाचा नैवेद्य असतो, यंदा जायला जमलं नाही. मी तव्याकडे बघत नुसतं "हं" केलं. चार दिवस झाले, ते "हं" डोक्यातून जात नाहीये.

पुढच्या वर्षीचं तुमचं एसटीचं रिझर्वेशन मी करणारे, जाताना-येताना दोन्ही. पोळ्यांचं माझं मी बघेन. उलथनं मात्र ठेवून जा.