नमुना नसला तरी कात्री चालली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हाताने शिवलेल्या गोधड्यांची छायाचित्रे पुरवण्यांमध्ये हल्ली वरचेवर दिसतात, याचा आनंद आहे. ती पाहून अनेक जणी हौसेने गोधडी शिकायला येतात. टाका चार दिवसांत बसतो. गाडी अडते ती पुढे, ‘नमुना कुठला घेऊ?’ या प्रश्नावर. समोर चित्र नसेल तर कात्री उचलवत नाही. मग तयार संच आणायचा, त्यातले तुकडे क्रमांकाप्रमाणे जोडायचे, आणि गोधडी पुरी झाली तरी ती आपली वाटत नाही. स्वतःच्या मनाने कापड कापायचा धीर कसा येतो, याबद्दल कुणी फारसे लिहीत नाही.

पहिली गोधडी बाळाच्या दुपट्याएवढीच घ्यावी. ५ इंची चौकोन, आडवे ७, उभे ८, एकूण ५६. चारही बाजूंनी पाव इंच, म्हणजे दोन सूत, शिवणीत गेले की चौकोन साडेचार इंचांचा उरतो आणि गोधडी साडेएकतीस बाय छत्तीस इंच भरते. शिवण अर्धा सूत जरी जास्त गेली तरी दर जोडाला दोन्हीकडून मिळून एक सूत कमी होते. सात चौकोनांच्या पट्टीत सहा जोड, म्हणजे पाऊण इंच गायब. शेजारच्या पट्टीशी कोपरे जुळत नाहीत आणि नवशिकीला वाटते, आपल्याला कलाच नाही. खरे तर तिचे फक्त माप चुकलेले असते. प्रत्येक पट्टी जोडून झाली की टेपने मोजावी, एवढाच त्यावर उपाय.

रंगांची भीती त्याहून मोठी. चिंध्यांचे तीन ढीग करावेत : गडद, मध्यम, फिका. लाल आणि हिरवा एकमेकांना उठाव देतील असे वाटते, पण दोन्ही सारखेच गडद असले तर चार पावलांवरून सगळे एकजीव दिसते. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की हे लगेच कळते. पंखा बंद करून चौकोन चादरीवर मांडावेत, स्टुलावर उभे राहून वरून पाहावेत, रात्रभर तसेच ठेवावेत. सकाळी जे दोन-तीन तुकडे डोळ्यांत खुपतील तेवढेच हलवावेत. सगळी मांडणी मोडायची नाही. निवड करायची सवय इथेच लागते, कारण मांडलेला तुकडा हलवायला काही लागत नाही. शिवलेला उसवायला अख्खी दुपार जाते.

कापड सुतीच हवे. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, जुनी साडी आधीच आटलेली असते. दोन्ही तशीच जोडली तर धुतल्यावर चुण्या पडतात. म्हणून कोरे कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे. गडद लाल-निळे ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. रंग लागला तर ते कापड गोधडीत नको.

खाली अस्तर, मध्ये जुन्या साडीचे दोन-तीन पदर, वर जोडकाम. जमिनीवर ताणून पसरावे आणि कच्चे टाके मधून कडेकडे, वीतभर अंतराने घालावेत, म्हणजे फुगा असलाच तर कडेने निघून जातो. धावदोऱ्याचा दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याला पीळ पडतो, तो विसविशीत होतो आणि ऐन ओळीत तुटतो. इंचाला चार-पाच टाके पुष्कळ झाले; बारीक टाक्यापेक्षा सारखा टाका महत्त्वाचा. ओळींत बोटभर अंतर ठेवावे. पेन्सिलीने रेघा मारू नयेत, मागच्या ओळीच्या अंदाजाने पुढची ओळ घालावी.

कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच अंदाजाने शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, तुकडे लावत लावत, कडेकडेने फिरत मध्यापर्यंत येतात, आणि कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुला’ लावतात. कागदावर नक्षी आखलेली नसते. पुढचा तुकडा कोणता, हे शेजारचा तुकडा पाहून हातासरशी ठरते. नवशिक्यांनी पाहावे असे याहून चांगले काम आम्हाला ठाऊक नाही.

उसवायचे कधी, हेही पक्के असावे. जोड उघडा पडला, आतला पदर दुमडला, किंवा उलट बाजूला टाके दिसत नाहीत म्हणजे सुई अस्तरापर्यंत पोचलीच नाही, तर उसवावे. ओळ थोडी वाकडी गेली म्हणून मुळीच उसवू नये. पुढची ओळ तिला समांतर घातली की तीच नक्षी होते.

स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती, की सफाईच्या बक्षिसाबरोबर स्वतःच्या मांडणीलाही वेगळे बक्षीस ठेवावे आणि संचातून केलेल्या गोधड्या त्या गटात घेऊ नयेत. आणि आपल्याला विनंती, की पूर्ण झालेल्या गोधडीच्या फोटोशेजारी तिची चादरीवरची कच्ची मांडणी आणि उलट बाजूही छापावी, कापड कुठल्या साडीचे, कुठल्या धोतराचे हे दोन ओळींत द्यावे. शिकणारीला त्यातून जास्त मिळेल.

आपल्या,
गोधडी शिकवणाऱ्या काही जणी, सातारा