‘तीही हसते’ एवढ्यावर थांबू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी साताऱ्यातील निवृत्त शिक्षक असून घराच्या वरच्या मजल्यावरील खोल्या महाविद्यालयीन मुलींना भाड्याने देतो. त्यांपैकी एक मुलगी मणिपूरची आहे. भाडेकरार करताना तिने आधार कार्ड पुढे केले, तरी मी तिच्याकडे पासपोर्टची प्रत मागितली. तिने काही न बोलता कार्डावरील पत्त्यावर बोट ठेवले. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते. पुढे लक्षात आले की, ते कार्ड ती मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमध्येच ठेवते आणि पोवई नाक्यावर कोणी ‘कुठल्या देशाची?’ असे विचारले की मोबाइल उलटा करून दाखवते.

तिच्या वर्गातील मुली तिला ‘मोमो’ म्हणतात, कधी ‘चिनी’. मी हटकले तेव्हा त्या मनापासून म्हणाल्या, ‘‘काका, गमतीनेच म्हणतो, तीही हसते.’’ त्या खोटे बोलत नव्हत्या. आपल्या महाविद्यालयात वर्णद्वेष आहे का, असे विचारले तर त्या शपथेवर ‘नाही’ म्हणतील. मणिपूरच्या मुलीला मी एकटीला विचारले, तेव्हा तिने सांगितले की, हसले नाही तर मेसमध्ये शेजारी कोणी बसत नाही. एकाच बाकावरच्या मुलींना एकच गोष्ट इतकी वेगळी दिसते, आणि महाविद्यालयाच्या दप्तरी मात्र ‘तक्रार नाही’ एवढीच नोंद होते. सोसणाऱ्याने तक्रार केली नाही म्हणून अपमान झालाच नाही, असा हिशेब शिक्षणसंस्थांनी तरी मांडू नये.

नियम नाहीत असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमावलीत २०१६ साली दुरुस्ती केली आणि वंश, वर्ण, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, राष्ट्रीयत्व यांवरून दिलेला शारीरिक वा मानसिक त्रासही रॅगिंगच्या व्याख्येत आणला. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून देतात. पण रॅगिंग म्हणजे वसतिगृहात थोरल्या मुलांनी धाकट्यांना छळणे, एवढीच कल्पना आपल्याकडे रुजलेली असल्याने वर्गातील ‘मोमो’ त्यात बसते हे ना विद्यार्थ्यांना ठाऊक असते, ना अनेक प्राध्यापकांना. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून चेष्टा झाली, तिचे पर्यवसान मारहाणीत झाले आणि त्यानंतर तो तरुण दगावला. केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी अशा वांशिक अपमानाविरुद्ध कायद्यात स्वतंत्र कलमांची शिफारस केली. ‘गमती’चा उगम केवढ्याशा गोष्टीत असतो, हे त्या प्रकरणात दिसले आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली याच गावात वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला जेवायला बसवले. त्याचा आम्हा सातारकरांना सार्थ अभिमान आहे, पण त्या अभिमानामुळेच ‘आपल्याकडे असले काही नसते’ असे आपण फार लवकर म्हणतो, असे मला वाटू लागले आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, २०१६ च्या दुरुस्तीचा मजकूर सोप्या मराठीत आणि हिंदीत वर्गाबाहेर, मेसमध्ये व वसतिगृहात लावावा; रॅगिंगविरोधी समितीवर बाहेरच्या राज्यांतील किमान एक विद्यार्थी घ्यावा; आणि तक्रार येण्याची वाट न पाहता अशा विद्यार्थ्यांशी सत्रातून एकदा तरी स्वतंत्रपणे, नाव न नोंदवता बोलावे. याला निधी लागत नाही. जूनमध्ये नवे प्रवेश सुरू होतील, त्याआधी निदान फलक तरी लागावेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा