शिधा रुग्णापुरता नको, घरापुरता हवा

(गोवंडी-मानखुर्द पुनर्वसन वसाहतींतील क्षयरुग्णांच्या कुटुंबांसाठी आवाहन)

सप्रेम नमस्कार.

लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर जागा आहे. खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या 2018 च्या पाहणीत या दोन्ही ठिकाणी क्षय भरपूर आढळला, तर इमारती सुट्या-सुट्या असलेल्या मानखुर्दच्याच पीएमजीपी वसाहतीत कितीतरी कमी. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत करोनाची रक्ततपासणी झाली, तेव्हाही दाटीवाटीच्या झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला दिसला. बाहेर 16 टक्के.

इमारती आपल्याला हलवता येणार नाहीत. ताटात भर घालता येईल.

क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे दरमहा 1000 रुपये रुग्णाच्या नावे येतात. बँक खातं आधारशी जोडलेलं नसलं की तेही अडकतात, आणि आले तरी बरेचदा घरभाड्यात जातात. शिधा एकट्या रुग्णाचा दिला तर तो सगळ्या घरात वाटला जातो. तो जाणारच, आई एकटी जेवत नाही. झारखंडमध्ये ‘राशन्स’ या क्षय आणि आहाराविषयीच्या चाचणीत घरच्यांनाही सहा महिने शिधा दिला गेला आणि त्यांच्यातले नवे क्षयरुग्ण सुमारे 39 टक्क्यांनी घटले. आम्ही तेच माप धरतो: रुग्णाला महिन्याला 10 किलो (तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल), घरातल्या इतर प्रत्येकाला 5 किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ. चौघांच्या घराला महिन्याला साडेएकोणतीस किलो, सहा महिन्यांत 177 किलो.

एका घराची पूर्ण सहा महिन्यांची जबाबदारी घ्यावी, ही विनंती. एकाच महिन्याचा शिधा देऊन थांबू नका. उपचाराच्या दुसऱ्या महिन्यानंतर खोकला थांबतो, माणूस कामावर किंवा गावी जातो आणि गोळ्या सुटतात; पिशवी देण्याच्या निमित्तानेच तेव्हा दारात जाता येतं. त्याच भेटीत वजन घेतो. दोन महिन्यांत वजन वाढलं नाही तर डॉक्टरांकडे पाठवतो. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधामुळे, घाबरून गोळ्या बंद करू नका, हेही तेव्हाच सांगून होतं.

बिस्किटं आणि प्रोटीनचे डबे नकोत. पिशवी कोरी हवी, तिच्यावर ‘टीबी’ किंवा दात्याचं नाव नको. पिशवी पाहून घरमालकाने खोली रिकामी करायला सांगू नये. वाटपाचे फोटो निघणार नाहीत.

वस्तूरूपात वजनकाटे आणि 9 इंची एक्झॉस्ट पंखेही चालतील. पंखा बाहेरच्या खिडकीत, हवा बाहेर फेकेल असा बसवायचा. हवा आत यायला दाराच्या वर झरोका नसेल तर पंखा नुसताच फिरतो, म्हणून सोबत सुतार द्यावा. खिडक्या बंद राहतात त्या मात्र घरगल्लीतल्या (दोन इमारतींमधल्या अरुंद बोळातल्या) कचऱ्याच्या वासाने. तिथल्या सफाईसाठी महापालिकेकडे पाठपुरावा चालू आहे. तक्रारअर्ज लिहून देणारे दोन-तीन जण मिळाले तर हवेच आहेत.

नावनोंदणी समितीच्या कार्यालयात, रोज संध्याकाळी. रोख रक्कम दिल्यास पावती मागून घ्यावी.