‘नंतर सांगते’ नको, आत्ताच वाचू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मला चाळिशीनंतर ऐकू येणं कमी झालं. लोक सहज म्हणतात साइन लँग्वेज शिका, पण मी एकटी शिकून बोलू कुणाशी, आजूबाजूला कुणालाच येत नाही. कानातलं मशीन आवाज मोठा करतं खरं, पण खुर्ची सरकवल्याचा पण तेवढाच मोठा करतं. ओठांवरून ओळखावं तर प, ब, म सारखेच दिसतात, कोणी ‘माल कुठंय’ विचारलं की मी पाल शोधते!

मध्ये एका ट्रेनिंगला माझ्या शेजारी एक बाई, तिथं बोललं जाणारं सगळं मला तिथल्या तिथे स्क्रीनवर वाचता यावं म्हणून, छोटंसं स्टेनो मशीन लॅपटॉपला जोडून बसल्या होत्या. त्याला बटणं जेमतेम वीस-बावीस, एकेक अक्षर टाइप करायचं नाहीच, पेटीवर सूर धरतात तशी चार-पाच बटणं एकदम दाबायची की अख्खा शब्द नाहीतर शब्दाचा तुकडा उमटतो आणि कॉम्प्युटरमधली डिक्शनरी त्याचं नीट वाक्य करून लगेच स्क्रीनवर टाकते. परदेशात कोर्ट रिपोर्टर, म्हणजे कोर्टातलं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेणारे, हेच वापरतात, अमेरिकेत त्यांच्या सर्टिफिकेटला साक्ष लिहून घेण्याच्या परीक्षेत मिनिटाला 225 शब्दांचा स्पीड लागतो, म्हणजे आपलं नेहमीचं बोलणं सहसा सुटत नाही.

एरवी सगळे हसले की मी शेजारणीकडे बघते, ती म्हणते ‘नंतर सांगते’ आणि नंतर सांगते ते पण एका ओळीत. त्या दिवशी मागून कुणीतरी मारलेला जोकसुद्धा स्क्रीनवर आला, पुढे कंसात ‘हशा’. जोक फालतू होता, पण फालतू आहे हे माझं मला ठरवता आलं हो.

मोबाईलवरचे आपोआप येणारे कॅप्शन, म्हणजे बोलणं अक्षरांत दाखवणाऱ्या ओळी, मी पण वापरते, समोर एकच माणूस असेल तर चालतात, पण मीटिंगमध्ये दोघं-तिघं एकदम बोलले की कोण काय म्हणालं ते कळत नाही आणि नावांची तर वाट लागते. त्या बाईंसारखं लिहिणारं माणूस असलं की कोण बोलतंय ते लिहितं, नाही कळलं तर थांबवून विचारतं.

हे मशीन शिकायला वर्षं जातात म्हणून अशी माणसं कमी, मान्य. पण ती खोलीतच असायला पाहिजेत असं नाही, बोलणाऱ्याचा आवाज नेटवरून पाठवला की दुसऱ्या गावातूनही लिहून देतात, फक्त माईक बरा हवा आणि नावं, अवघड शब्द आधी कळवायला हवेत, म्हणजे ते डिक्शनरीत घालून ठेवता येतात. कार्यक्रमाच्या फॉर्मवर टी-शर्टची साईझ विचारतात, त्याच्याखाली ‘कॅप्शन लागतील का’ एवढा एक रकाना टाका की.

आपली,
एक वाचक