नाकावरचा टॉवेल आणि प्रा. त्साय यांचे संशोधन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवा गाळण्याच्या शास्त्रात आयुष्य वेचलेले अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाचे प्रा. पीटर त्साय करोनाकाळात जगाला माहीत झाले आणि साथ ओसरताच विस्मरणात गेले. सोलापूरने तरी त्यांना विसरू नये, कारण त्यांचे काम मुळात कापडाचे आहे.

तैवानमध्ये कृत्रिम तंतूंचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले. वितळलेले पॉलिप्रोपिलीन गरम हवेच्या झोताने ताणून न विणलेले तलम कापड तयार करण्याचे तंत्र आधीच रुळलेले होते. अशा कापडावर स्थिर विद्युतभार टिकून राहील असा चढवण्याची पद्धत त्साय यांनी सहकाऱ्यासोबत विकसित केली आणि १९९५ मध्ये तिचे पेटंट मिळाले. या विद्युतभारामुळे श्वासाला अडथळा न वाढवता कण ओढून धरता येतात. हे महत्त्वाचे आहे, कारण मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात आणि फार लहान कण हवेत सैरभैर हलताना तंतूंना चिकटतात, पण ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे कण दोन्हींतून निसटतात. म्हणूनच एन-९५ मुखपट्टीची कसोटी या आकाराच्या कणांवर घेतली जाते आणि तिने त्यातले किमान ९५ टक्के अडवावे लागतात. निवृत्तीनंतरही, २०२० मध्ये मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला तेव्हा, त्या निर्जंतुक करून पुन्हा कशा वापरता येतील याचे प्रयोग त्यांनी घरीच केले.

माझे वडील सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागावर कामाला होते. कापसाचे बारीक तंतू आणि सुताच्या खळीची भुकटी उडत असताना ते नाकावर टॉवेल बांधत, आणि रात्री खोकत. त्या विणीच्या छिद्रांतून बारीक धूळ सरळ आत जाते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आजही अनेक कामगार तोच टॉवेल बांधतात. सोलापूर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या शहरांत आहे. मात्र रस्त्यावरची हवा मोजून मागाच्या शेडमधील धूळ कळत नाही.

शहरातील अभियांत्रिकी आणि वस्त्रतंत्र शिकवणाऱ्या संस्थांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ही धूळ मोजण्याचे काम द्यावे, आणि कारखानदारांनी त्यासाठी शेडचे दार उघडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर