सुतळीचा तुकडा

माळीकाका, सप्रेम नमस्कार.

दोन वर्षं होत आली, तरी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. तुम्ही समोर आलात की घसा दाटून यायचा आणि मी ऊन-पावसाचं काहीतरी बोलून निघून जायचे. म्हणून हे पत्र. कुणीतरी ते तुम्हाला वाचून दाखवेल, एवढीच आशा.

दादा गेल्यानंतरचे ते महिने होते. झोप उडाली होती, कशातच जीव लागत नव्हता. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसायची. तिच्यावरचा पाण्याचा काळपट ओघळ आजही डोळे मिटले की दिसतो. लोक भेटायला येत, नाही असं नाही. पण प्रत्येकाला मला लवकर बरं करायची घाई. ‘किती दिवस अशी बसणार?’ ‘मन रमव कशात तरी.’ एका समुपदेशकांकडेही गेले. दादाच्या शेवटच्या रात्रीबद्दल पहिल्यांदाच कुणाशी बोलत होते आणि त्यांची नजर घड्याळावर होती. निघताना मन शांत ठेवण्याच्या दहा उपायांचा छापील कागद हातात पडला. जिन्यातच मी तो चुरगळला. पुढे या क्षेत्रातली चांगली माणसंही भेटली, पण त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही.

आणि मग तुमची बाग. पानगळीचे दिवस होते. मी बाकावर बसून रडत होते आणि तुम्ही खराटा मारत जवळ येत होतात. मला वाटलं, आता उठवणार. तुम्ही माझ्या पायापाशी थांबलात, बाकाखालची पानं तशीच ठेवलीत आणि वळसा घालून पलीकडून झाडायला लागलात. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या की पाचव्या दिवशी मीच बोलले, ‘वाऱ्याने पार ओकंबोकं करून टाकलं हो झाड.’

‘वारा निमित्त, ताई. झाडच सोडतं पान.’

तुम्ही एक फांदी खाली ओढलीत आणि माझं बोट धरून, गळलेल्या पानाच्या देठाची खूण होती तिथे टेकवलंत. खुणेच्या लगेच वर टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी टणक बोटाला लागलं. ‘हा डोळा, यातूनच नवी पालवी फुटते. पान गळायच्या आधीपासून इथेच आहे, पानाच्या बगलेत. पानामुळे दिसत नव्हता.’ मग खिशातून सुतळीचा तुकडा काढून तुम्ही त्या फांदीला सैलसर बांधलात. ‘ही फांदी तुमची. अधूनमधून बघून जात जा.’

काका, माझ्यासाठी सगळ्यांनी मिळून जे काही केलं, ते सगळं एका बाजूला आणि तो सुतळीचा तुकडा एका बाजूला. तुम्ही मला ‘रडू नका’ म्हणाला नाहीत. पुन्हा यायला एक जागा दिलीत.

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं. पान सोडण्याआधी झाड त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस खोडाकडे परत ओढून घेतं. देठाच्या तळाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, पान तिथे सुटतं आणि उघडी पडलेली जागा झाड बुचासारख्या थराने बंद करून घेतं. जखम उघडी ठेवून झाड पुढच्या ऋतूत जात नाही. हे वाचताना मी किती रडले ते तुम्हाला काय सांगू. रॉजर उलरिख नावाच्या संशोधकाने 1984 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यासही सापडला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. मला माझी भिंत आठवली. अभ्यासातले रुग्ण जेमतेम 46, पण माझ्यापुरतं मला पटलं.

त्या वर्षी मी आठवड्यातून दोनदा तरी येत होते. थंडीत डोळ्यात काहीच फरक दिसेना, तेव्हा चिडायचे. तुम्ही म्हणायचात, ‘त्याला घाई नाही.’ मग एका सकाळी त्याची तपकिरी खवलं जरा फाकलेली दिसली आणि आत हिरवा ठिपका. मी तिथेच उभी राहून दादाबद्दल तुम्हाला सांगितलं. तुम्ही पाण्याचा नळ बंद केलात, पाइप खाली ठेवलात आणि शेवटपर्यंत ऐकलंत. घड्याळाकडे तर नाहीच, रिकाम्या वाफ्याकडेही पाहिलं नाहीत.

जगात चांगुलपणा उरला नाही असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली तुमच्याबद्दल सांगते. तुमच्यासारखी माणसं असतात, पण कामात असतात, म्हणून दिसत नाहीत. नाव विचारत नाहीत, उपकार केला हे त्यांच्या गावीही नसतं. दुसऱ्याच्या दुःखाला वळसा घालून झाडायचं, एवढं भान किती जणांना असतं?

मी पूर्ण सावरले असं नाही. पहिल्या पावसाचा वास आला की दादाची आठवण अजून आतून ढवळून काढते. पण आता त्या वासाला मी खिडकी लावून घेत नाही.

गेल्या महिन्यापासून तुम्ही दिसत नाही. काम सोडून मुलीकडे राहायला गेलात, असं नव्या माळ्याने सांगितलं. पानगळ परत सुरू झाली आहे. काल फांदी पाहिली, चांगली जाड झाली आहे. सुतळी सालीत रुतायला लागली होती. मी ती सोडली आणि तुम्ही बांधली होतीत तशीच, बोट जाईल एवढी सैल, पुन्हा बांधली.

तुमची,
बाकावरची ताई